हरभऱ्याएवढी गाठ आणि माझा स्वभाव

या हकिगतीतला मुख्य भाग मला आठवत नाही. जे झालं ते माझ्या हातून झालं, पण ते मला नंतर माझ्या बायकोनं, आईनं आणि व्हॅनमधल्या एका मुलीनं सांगितलं. मी काय बोललो, कसा वागलो हे त्यांच्या सांगण्यावरून लिहितो आहे. तिघींपैकी कोणी वाढवून सांगितलेलं नाही. थोडं कमीच सांगितलं असेल.

माझं नाव विलास, वय चव्वेचाळीस. नागपुरात मानेवाड्याकडे आमचं घर आहे. घरात आई, बायको संध्या आणि मी. मुलगी अमरावतीला शिकते. सतरा वर्षं मी शाळेची व्हॅन चालवली. सकाळी सव्वासहाला पहिलं मूल घ्यायचं, सातच्या आत सगळ्यांना शाळेच्या फाटकात सोडायचं, आणि मग घरी येऊन चहा-नाश्ता करायचा. सकाळी काही न खाता निघायचं, ही माझी पहिल्यापासूनची सवय.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. माझे वडील दारू पीत. तेव्हा आम्ही भिवापूरला राहायचो. मी चौदा वर्षांचा असताना ते गेले. आईनं मिरचीचे देठ खुडायच्या कामावर जाऊन मला आणि बहिणीला वाढवलं. मी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. लग्नाकार्यात मित्र चिडवायचे, मी ऐकून घ्यायचो.

सकाळचा माणूस

सुरुवात नेमकी कधी झाली ते सांगता येत नाही. आधी सकाळी घाम यायला लागला. छातीत धडधड व्हायची, हाताला कापरं सुटायचं आणि विनाकारण राग यायचा. किल्ली सापडली नाही की राग, बादली वाजली की राग. मग व्हॅन सोडून घरी आलो, चहा प्यायलो, चार बिस्किटं खाल्ली की एकदम हलकं वाटायचं. खाल्लं की बरं वाटतं म्हणून मी खात सुटलो. झोपायच्या आधी दोन लाडू खायला लागलो. वर्षभरात चौदा किलो वजन वाढलं. लोक म्हणायचे, तब्येत सुधारली.

एका संकष्टीला मी सकाळी शर्ट उलटा घालून दारात उभा होतो. संध्यानं हटकलं, तर मी तिलाच विचारलं, ‘‘तू कोण वं? माह्या घरात काहून आली?’’ तिला वाटलं, मी गंमत करतो आहे. ती हसली. मी पेला भिंतीवर फेकला.

यातलं मला काहीच आठवत नाही. मला आठवतो तो चहाचा घोट आणि समोर फरशी पुसणारी संध्या. मी विचारलं, ‘‘काय सांडलं?’’

तिनं फडकं खाली ठेवलं. जवळ आली आणि माझ्या तोंडाशी तोंड आणून हुंगलं.

‘‘काय करून राहिली तू?’’

‘‘काही नाही. जा, आंघोळ करा.’’

पुढे हे महिन्यातून दोनदा, मग आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं. जीभ जड होऊन मी बोबडं बोलायचो, तोल जायचा, शिव्या द्यायचो. चहा पाजला की मी ठीक व्हायचो, म्हणून व्हॅनवर जायला मला कोणी अडवलं नाही. मी झोपलो असताना संध्यानं व्हॅन तपासली. सीटखाली, डिक्कीत, स्टेपनीमागे पाहिलं. काही सापडलं नाही, तर तिची काळजी आणखी वाढली. पिणारा माणूस लपवण्यात हुशार होतो, असं तिला माहेरी कोणी तरी सांगितलं होतं.

आईनं मला काही विचारलं नाही. एका सकाळी भान आल्यावर मी पाहिलं तर ती पुढच्या दाराजवळच्या खुर्चीत बसली होती आणि तिच्या पायांत चपला होत्या. आमच्या घरात कोणी चपला घालत नाही. भिवापूरला वडील पिऊन आले की ती अशीच चपला घालून दाराशी बसायची. म्हणजे वेळ आली तर आम्हा दोघांना घेऊन पळता यावं.

‘‘आई, मी पेलो नाही,’’ मी म्हणालो.

‘‘हो बाप्पा,’’ ती म्हणाली आणि चपला काढल्या नाहीत.

त्या सकाळी मी तिला काय म्हणालो होतो ते संध्यानं मला फार उशिरा सांगितलं. मी म्हणालो होतो, ‘‘माह्या बापाले तूच खाल्लं.’’

व्हॅन

हे लिहायला मला सगळ्यात जड जातं, पण हे गाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी व्हॅनमध्ये आठ मुलं होती. पुढच्या सीटवर दहावीतली गार्गी बसली होती. शाळेकडे वळायचं तिथे मी वळलो नाही. उलट फिरून हुडकेश्वरकडे निघालो. गाडी सावकाश चालवत होतो, पण एका बाजूला ओढत होतो. गार्गी म्हणाली, ‘‘काका, शाळा तिकडं आहे.’’ मी तिला शिवी दिली. ती शिवी मी इथे लिहीत नाही. माझ्या मुलीच्या वयाच्या पोरीला मी ती दिली.

मागची लहान मुलं रडायला लागली. गार्गीनं एक क्षण विचार केला आणि म्हणाली, ‘‘काका, मले उलटी येऊन राहिली.’’

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. सतरा वर्षांत कोणतंही मूल ‘उलटी’ म्हणालं की मी पहिल्यांदा गाडी थांबवतो. डोकं ठिकाणावर नव्हतं, पण पाय ब्रेकवर गेला. गार्गीनं सगळ्या मुलांना उतरवलं, फुटपाथवर ओळीत बसवलं आणि वडिलांना फोन केला.

वडील स्कूटरनं आले. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो होतो. पाठोपाठ दोन-तीन पालक आले, मग पोलीस आले. त्यांनी नळीत फुंकायला लावलं. मशीनवर शून्य आलं. दुसऱ्यांदा फुंकायला लावलं, तरी शून्यच. एक पालक म्हणाले, ‘‘मग गोळ्या खात असेल.’’ गार्गीच्या वडिलांनी टपरीवरून चहा आणून माझ्या हातात दिला. दया म्हणून नव्हे, मी शुद्धीवर यावं आणि जबाब द्यावा म्हणून. नागपुरी टपरीचा चहा, पाकासारखा गोड.

दहा मिनिटांनी मी मान वर केली आणि विचारलं, ‘‘मुलं कुठं आहेत?’’

मुलं फुटपाथवर होती. सगळी माझ्याकडे बघत होती. काय झालं ते मला कोणी सांगायची गरज पडली नाही. मी किल्ली काढून गार्गीच्या वडिलांच्या हातात दिली आणि म्हणालो, ‘‘हे घ्या. आजपासून मी मुलं बसवणार नाही.’’ पोलिसांनी माझा जबाब घेऊन मला सोडलं, आणि ती व्हॅन गार्गीच्या वडिलांनीच घरी आणून लावली.

दारू चहानं उतरत नाही

तीन दिवसांनी संध्या मला व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. आई बरोबर आली. मी आढेवेढे घेतले नाहीत. खरं सांगायचं तर तोवर माझाच माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. वाटायचं, मी पीत असेन आणि विसरत असेन. बापाचं रक्त आहे, कुठं जाईल.

डॉक्टर वयस्कर होते, आवाज बारीक. त्यांनी मला फार काही विचारलं नाही. आईला आणि संध्याला विचारलं, ‘‘किती वाजता होतं?’’

‘‘सकाळीच,’’ संध्या म्हणाली. ‘‘नाहीतर उपास असला का.’’

‘‘रात्री जेवल्यावर?’’

‘‘नाही, जेवल्यावर कधीच नाही.’’

‘‘मग पुढे काय होतं? झोपतात?’’

आई म्हणाली, ‘‘चहा पाजला का माणसात येते. बापाचं तसं नव्हतं. तो दुसऱ्या दिवशीपर्यंत पडून राहे.’’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘‘माय, दारू चहानं उतरत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘याची साखर पाहा. उद्या सकाळी, चहाच्या आधी. अन् आकडा काही का असेना, लगेच साखरपाणी द्या.’’

शेजारच्या काकूंना मधुमेह आहे. संध्यानं त्यांचं बोट टोचायचं मशीन मागून आणलं. सकाळी मी पलंगावर बसून भिंतीशी बोलत होतो. मशीनवर अडतीस आलं. काकू म्हणाल्या, साखर सत्तरच्या वर हवी, मशीन बिघडलं असेल. त्यांनी स्वतःचं बोट टोचून पाहिलं, एकशे साठ आलं. संध्यानं मला साखरपाणी पाजलं आणि तो अडतीसचा आकडा हातावर पेननं लिहून ठेवला.

उपाशी ठेवलेले तास

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी मला भरती करून घेतलं. तपासणी साधी होती. काही खायचं नाही, फक्त पाणी. आणि दर काही तासांनी रक्त. साखर खाली जाऊन मी बिघडेन तेव्हाच खरं रक्त घ्यायचं होतं. म्हणजे जो माणूस घरच्यांनी कोणाला दाखवला नव्हता, तो चारचौघांत बाहेर यायची वाट बघत आम्ही बसलो होतो.

वॉर्डात सकाळी साडेसहाला पोह्यांची गाडी यायची. पोटात आग पडली होती. शेजारच्या खाटेवर खापा गावचे एक म्हातारे गृहस्थ होते. माझ्यासमोर खायचं नाही म्हणून ते पोह्यांची बशी घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. असली माणसं दवाखान्यात भेटतात.

अकराच्या सुमाराला मी सिस्टरला ‘चोर’ म्हणालो. संध्याला जे म्हणालो ते नेहमीचंच होतं. सिस्टरनं शांतपणे बोट टोचलं आणि म्हणाली, ‘‘एकोणचाळीस.’’ मग धावपळ झाली, रक्ताच्या नळ्या भरल्या, ग्लुकोज चढवलं आणि मी परत आलो.

नंतर संध्या मला म्हणाली, ‘‘तुम्ही शिव्या देऊन राहिले होते अन् मी मशीनकडं पाहून राहिली होती. आज पहिल्यांदा मले रडू नाही आलं.’’

दुपारी डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्यातल्या काही पेशी इन्सुलिन बनवतात आणि रक्तातली साखर कमी झाली की आपणहून थांबतात. माझ्या तिथल्या काही पेशींना थांबणं माहीतच नव्हतं. मी उपाशी असो की जेवलेला, त्या इन्सुलिन सोडत होत्या आणि साखर उतरत होती. मेंदूच्या पेशी साखरेवर चालतात. साखर संपत आली की शरीर धोक्याची घंटा वाजवतं. मूत्रपिंडाच्या वर ज्या ग्रंथी असतात, त्यांच्या पेशी रक्तात रसायन सोडतात. घाम, धडधड, भीती, राग हे सगळं त्यातून येतं. आणि त्याच वेळी मेंदूतला आवर घालणारा भाग उपाशी पडतो. म्हणजे राग वाढवणारं काम चालू आणि थांबवणारं काम बंद.

मी त्यांना एकच विचारलं. ‘‘मॅडम, मग ते शब्द कोणाचे? माझे का त्या पेशींचे?’’

 ‘‘शब्द पेशी बनवत नाहीत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण माणसाच्या मनात हजार गोष्टी येऊन जातात आणि तो त्या बोलत नाही. ते न बोलणं तुमच्या हातात राहिलं नव्हतं. एवढं मी खात्रीनं सांगते. त्यापुढचं मला माहीत नाही.’’

‘माहीत नाही’ म्हणणारा डॉक्टर भेटला की का कोण जाणे, मला धीर येतो.

गाठ

त्या न थांबणाऱ्या पेशींची गाठ झाली असणार, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘गाठ’ हा शब्द ऐकला की घरात पुढचं कोणी बोलत नाही. बहुतेक वेळा ही गाठ साधी असते, कॅन्सरची नसते, हे डॉक्टरबाईंनी तीनदा सांगितलं. आम्ही तिन्ही वेळा फक्त ‘बहुतेक’ ऐकलं. आधी ती सापडतच नव्हती. एका तपासणीत दिसली नाही, दुसरीत शंका आली. शेवटी तोंडातून दुर्बीण घालून सापडली, स्वादुपिंडाच्या शेपटाकडे. डॉक्टर म्हणाले, हरभऱ्याच्या दाण्याएवढी आहे. संध्यानं घरी जाऊन डब्यातला एक हरभरा काढून आईला दाखवला. आई तो तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसली म्हणे.

ऑपरेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पोटात नळी होती, खोकलं की जीव जायचा. उशी पोटाशी धरून खोकायचं, हे सिस्टरनं शिकवलं. पुढच्या माणसाच्या कामी येईल म्हणून लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी साखर दोनशे चाळीसवर गेली आणि आम्ही घाबरलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, गाठ सगळं काम करत होती म्हणून बाकीच्या चांगल्या पेशी इतके दिवस बसून होत्या. त्यांना पुन्हा कामाला लागायला वेळ लागेल. आठवड्याभरात त्या लागल्या. रिपोर्ट साधा आला. तो दोनदा वाचून संध्या जिन्यात जाऊन रडली.

दहाव्या दिवशी सकाळी मी उठलो. काही खाल्लेलं नव्हतं, आणि मला राग आला नव्हता. खिडकीतून रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला, तो नुसता हॉर्न होता.

आई

घरी आल्यावर आईशी बोलायचं होतं. ती मेथी निवडत होती. मी शेजारी बसलो.

‘‘आई, बाबाबद्दल मी तुले जे बोललो होतो...’’

‘‘बिमारीत बोलला तू. सोड.’’

‘‘बिमारी होती. पण ते मनात नव्हतंच असं नाही. लहानपणी मले एकदा तसं वाटलं होतं.’’

वडील गेले त्या वर्षी, थंडीत, ते पिऊन आले आणि आईनं दार उघडलं नाही. ते ओसरीवरच पडून राहिले. त्यानंतर आजारी पडले आणि आठ दिवसांत गेले. तेव्हा माझ्या मनात ते वाक्य आलं होतं. तीस वर्षं मी ते कोणाला बोललो नव्हतो.

आई मेथी निवडत राहिली. ‘‘मले मालूम होतं,’’ ती म्हणाली.

‘‘कवापासून?’’

‘‘तवापासूनच. चार दिवस तू माह्या हातचं जेवला नव्हता.’’ मग म्हणाली, ‘‘दार मी उघडलं नाही, हे खरं हाय. तुम्ही दोघं अंदर होते.’’

 मी तिच्या पायांना हात लावला, तिनं तो बाजूला केला आणि मेथीची जुडी माझ्यापुढे ठेवली. आम्ही दोघं मेथी निवडत बसलो. जुडी संपत आल्यावर ती म्हणाली, ‘‘त्याच्या पोटातबी असंच काही असन का गा? डॉक्टरले इचारजो.’’

‘‘आई, बाबा दारूच पेत होते.’’

‘‘ते का मले मालूम नाही? पण पेण्याच्या आंधी त्याच्या अंदर काय होऊन राहिलं होतं, ते कोनं पाह्यलं?’’

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरबाईंना खरंच विचारलं. त्या म्हणाल्या, आता ते कोणालाच सांगता येणार नाही. मी घरी येऊन आईला तसंच सांगितलं. तिनं मान हलवली. ‘‘इचारलं ना? बस.’’

गार्गी

चालता यायला लागल्यावर मी गार्गीच्या घरी गेलो, दवाखान्याची फाइल घेऊन. तिच्या वडिलांनी फाइल वाचली आणि गार्गीला हाक मारली. गार्गी आतून आली. मी उभा राहून तिची माफी मागितली.

ती म्हणाली, ‘‘काका, तुम्ही मले खूप घाण शिवी दिली होती.’’

‘‘हो. मले आठवत नाही, पण दिली.’’

‘‘मले वाटलं होतं, तुम्ही थांबणार नाही.’’ मग म्हणाली, ‘‘पण उलटी म्हटलं तर थांबले.’’

तिनं मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही.

सहा महिन्यांनी डॉक्टरबाईंनी गाडी चालवायची लेखी परवानगी दिली. मी शाळेची मुलं पुन्हा घेतली नाहीत. आता मी एका दुकानाचा माल कामठीला पोचवतो. मुलांची आठवण येते, पण फुटपाथवरची ती ओळ डोळ्यांपुढून जात नाही.

ज्यांच्या घरी असं चालू असेल

माझा आजार फार कमी जणांना होतो. चिडणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पोटात गाठ नसते, आणि पिणारा माणूस पीतच असतो. मी फक्त इतकंच सांगेन की, एखाद्याचा स्वभाव अचानक बदलला तर भांडणाआधी घड्याळ पाहा. किती वाजता होतं, खाण्याआधी की नंतर, कशानं उतरतं, हे वहीत लिहा. आमचा आजार कोणत्याही मोठ्या मशीनच्या आधी माझ्या आईच्या एका वाक्यानं सापडला.

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्या अजूनही माझ्या प्रत्येक पँटच्या खिशात खडीसाखर ठेवते. मी काढतो, ती परत ठेवते. त्या दिवशी ती खडीसाखर तशीच धुण्यात गेली आणि माझा नवा शर्ट चिकट होऊन निघाला. मी भडकलो. मी बरा झालो आहे, किती वेळा सांगू, मला आयुष्यभर रोगी करून ठेवणार आहेस का, तुला दुसरी अक्कलच नाही, असं बरंच बोललो. आवाज मोठा होता.

संध्यानं कपाटातून आमचं स्वतःचं मशीन आणलं, माझं बोट धरलं आणि मी बोलत असतानाच टोचलं. मीही बोलता बोलता थांबलो. आम्ही दोघं त्या आकड्याची वाट बघत उभे राहिलो.

‘‘एकशे चार,’’ ती म्हणाली. ‘‘म्हंजे आता जे बोलले, ते तुम्हीच बोलले.’’

ती आत निघून गेली. मी मागोमाग आत गेलो आणि तिची माफी मागितली.